सातव्या ताटलीतली म्हातारी

पेशीला केंद्रक असतं हे मला कॉलेजात सांगितलं होतं; समजलं मात्र लग्नानंतर. केंद्रक कामाला म्हणून जागचं हलत नाही. मधोमध बसतं, भोवती स्वतःचा वेगळा पडदा ओढून घेतं आणि कुणी काय करायचं याच्या सूचना बाहेर सोडत राहतं. घरात ही जागा मी आधी सासूबाईंना दिली होती. मग लक्षात आलं की त्या एका जागी बसतातच कुठे? पेशीत लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात. पडलेलं, झिजलेलं, कुणाच्या कामाचं नसलेलं काही दिसलं की गिळून साफ. पुस्तक म्हणतं, प्रसंगी या पिशव्या फुटून आख्खी पेशीच साफ करतात. त्या सासूबाई. मधोमध पाय वर करून सूचना सोडत पडलेलं केंद्रक म्हणजे ठकी, माझी मुलगी.

मी तंतुकणिका. पेशीचं ऊर्जाघर, रात्रंदिवस चालू, आणि परीक्षेत विचारलं तरच कुणाला आठवणार. नवऱ्याला मी रिक्तिका म्हटलं. पाणी, हवा आणि बाकी काय काय साठवून ठेवणारी पोकळी.

"आकाराने मोठी का?" त्याने विचारलं.

"वनस्पतींमध्ये मोठी. आपल्यात नगण्य."

तो हसत डबा घेऊन कारखान्यात गेला. पाळी बदलली होती, त्यामुळे परीक्षेच्या दिवशीही तो घरी नसणार होता.

परीक्षा म्हणजे पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. लेखी पेपर मी मागच्याच खेपेला पोट सांभाळत, बाकाला तिरकी बसून दिले आणि काठावर का होईना पास झाले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्र ठकीने जन्माला यायचं ठरवलं. तेव्हापासून घोडं तिथेच अडलं होतं. कॉलेजचा नियम असा की राहिलेलं प्रात्यक्षिक यंदा पास झाले तर दुसऱ्या वर्षात बसायचं; नाही तर लेखीसुद्धा बाद, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा अमीबा. मी अमीबावर एकदा मनापासून प्रेम केलं होतं, दुसऱ्यांदा जमलं नसतं.

अभ्यास सासूबाई घ्यायच्या. मी ठकीला पाजत बसायचे आणि त्या पुस्तक लांब धरून एकेक शब्द माझ्या अंगावर टाकायच्या.

"परासरण?"

"अर्धपार्य पटलातून पाण्याने पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे जाणं."

त्यांनी ठकीच्या लंगोटाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीकडे. "अर्धपार्य कसलं? हे पटल तर काहीच अडवत नाही."

"आई, पुढचा."

"मुकुलायन."

"हायड्राच्या अंगावर कमरेशी एक फुगवटा येतो. तो वाढतो, त्याला तोंड फुटतं, हात फुटतात आणि मग तो आईपासून सुटून स्वतंत्र राहायला जातो."

"कळा?"

"नाहीत."

"टाके?"

"नाहीत."

"सासू?"

"नसते."

त्यांनी पुस्तक मिटून गुडघ्यावर ठेवलं. "आणि आपल्याला म्हणे प्रगत प्राणी म्हणायचं."

त्यांनी स्वतः शाळा अर्धवट सोडलेली, पण त्याचं त्यांना फारसं दुःख असावं असं मला कधी वाटलं नाही. कुठलंही काम अर्धवट पडलेलं बघवत नाही, इतकंच. माझी परीक्षा ही त्यांच्या लेखी घासायची राहिलेली एक कढई होती.

कित्येक महिने रबरी चावणं चघळून झाल्यावर, नेमके परीक्षेच्या आठवड्यात ठकीला खरेच दात यायला लागले. तिने बाटली थुंकून दिली, चमचा भिरकावला आणि माझ्याशिवाय कुणाचंच काही घ्यायचं नाही असा निश्चय केला. मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या जीवशास्त्राच्या बाई. बारीक चणीच्या, कायम घाईत, आणि वर्षभरात माझ्या रजांवर एकदाही तोंड वाकडं न केलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"प्रयोगशाळेच्या मागे सामानाची खोली आहे. तिथे बसू दे बाळाला आणि सासूबाईंना. मध्ये सुट्टी होते, तेव्हा पाज. पण बाहेरच्या सरांना कळता कामा नये. ते रिपोर्ट लिहितात, आणि मनापासून लिहितात. तुझा निकाल जाईलच, मागोमाग माझी नोकरी."

"कळणार नाही, मॅडम."

"आणि तुझ्या सासूबाईंना सांग, कशालाही हात लावायचा नाही."

हे त्यांनी चुकीच्या माणसाबद्दल मागितलं होतं, पण मी मान डोलावली.

बाहेरचे सर म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक. मुलं त्यांना हायड्रा सर म्हणत. तळ्यातल्या पाण्यात राहणारा, नखाएवढाही नसलेला हा प्राणी त्यांनी विद्यार्थी असताना एकदा पकडून आणला आणि तेव्हापासून सोडलाच नाही. त्याला फुटलेली पोरं, त्या पोरांना फुटलेली पोरं, असं करत ते घराणं त्यांनी घरी टाकीत जपलं होतं. मुकुलायनाने झालेलं पोर हे आईचीच हुबेहूब नक्कल असतं, गुणसूत्रं तीच, जनुकं तीच. म्हणून सरांच्या हिशेबाने ती सगळी मिळून एकच हायड्रा होती. तिला ते म्हातारी म्हणत. प्रत्येक परीक्षेला ते म्हातारीला काचेच्या बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून गाडीने येत. त्यांच्या लग्नातही बरणी होती असं म्हणतात, आणि फोटोत मध्ये तीच आहे असंही म्हणतात.

"टाकी गेल्या उन्हाळ्यात आटोपली," बरणी टेबलावर ठेवताना ते मॅडमना सांगत होते. "पाणी तापलं. आता ही एवढीच उरली."

सकाळचा भाग बरा गेला. कांद्याचा पापुद्रा मी एका ओढीत काढला, कारण घरी सासूबाईंनी माझ्याकडून इतके कांदे सोलून घेतले होते की नवरा जेवताना रडायचा. पापुद्रा रंगवला, काचपट्टीवर ठेवला, वरून बुडबुडा न येऊ देता झाकणकाच सोडली. सर सूक्ष्मदर्शकात वाकून "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे शाबासकी, असं कुजबुजने सांगितलं. कुजबुज ही माझ्या बाकावरची मुलगी. तिला साधं बोललेलं कुणी ऐकलंच नव्हतं.

मग सुट्टी झाली. नमुने ओळखायची परीक्षा तिच्यानंतर होती आणि त्यासाठी खिडकीकडच्या लांब ओट्यावर नमुने आधीच मांडून ठेवले होते. मी मागच्या दाराने सामानाच्या खोलीत गेले, ठकीला पाजलं. तिने मला दोनदा चावून घेतलं आणि समाधानाने बघत राहिली.

"जा तू. तोंडावर पाणी मार," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हिरड्यांचं मी बघते."

मी गेले. सर आणि मॅडम चहाला गेले होते, मुलं जिन्यात पुस्तकं चाळत होती. प्रयोगशाळेचं मोठं दार बंद होतं. सामानाच्या खोलीतून आत जायचं छोटं दार मात्र नुसतं लोटलेलं होतं, आणि लोटलेलं दार ही सासूबाईंच्या दृष्टीने राहून गेलेली गोष्ट असते.

नमुने ओळखायची रीत अशी: ओट्यावर ओळीने ताटल्या, बरण्या, सूक्ष्मदर्शक. प्रत्येकाजवळ एक चिठ्ठी, तिच्यावर क्रमांक आणि प्रश्न. घंटा वाजली की पुढे सरकायचं. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. वीस-बावीसजण एकामागे एक सरकत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं कुणाचं तरी अंत्यदर्शन चाललं आहे.

एक, नेच्याचं पान, मागच्या बाजूला बीजाणूंचे ठिपके. लिहिलं. दोन, झुरळाचं तोंड, तुकडे सुटे करून चिकटवलेलं. लिहिलं. तीन, सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन होणारी पेशी, गुणसूत्रं मध्यरेषेवर रांगेत उभी. लिहिलं, मध्यावस्था. चारला मी अडखळले, पाचला सावरले, सहाला वाटाण्याचं फूल बघून जीव भांड्यात पडला. पासापुरतं गोळा होत होतं. फार नाही, पण होत होतं.

घंटा वाजली. सात.

चिठ्ठीवर सरांच्या हस्ताक्षरात होतं: "ओळखा. संघ लिहा. प्रजननाची एक पद्धत लिहा. जिवंत नमुना आहे. धक्का लावू नये." शेजारी भिंग ठेवलेलं. आणि काचेच्या ताटलीत, स्वच्छ पाण्यात, ठकीचं चावणं पडलं होतं.

ते विकत घेतलं तेव्हा निळ्या रंगाचा अष्टपाद होता. हसरा, गोल डोळ्यांचा. सासूबाईंनी तो रोज उकळला. आधी निळा रंग गेला, मग हसू गेलं, शेवटी डोळे गेले. आठ हातांतले दोन ठकीने चघळून अंगातच बसवले होते. आता ते अंगठ्याएवढं, दुधाळ, अर्धपारदर्शक असं काहीतरी होतं, वर सहा लिबलिबीत हात पसरलेलं. पुस्तकातल्या हायड्राच्या चित्राशी त्याचं साम्य इतकं होतं की मी चिठ्ठी पुन्हा वाचली.

काय झालं असेल ते मला प्रत्यक्ष पाहिल्यासारखं दिसलं. गढूळ पाण्याची, शेवाळाचा धागा पडलेली, उघडी ताटली. सासूबाईंचे शिवशिवणारे हात. पाणी ओतून दिलं, ताटली पुसली, घरून आणलेलं उकळून गार केलेलं पाणी घातलं आणि ठकीचं चावणं गार व्हायला ठेवलं; ते परत न्यायच्या आत आम्ही मुलं आत आलो. गार चावण्याने हिरड्यांना बरं वाटतं, हे त्याच मला सांगायच्या.

घंटा कुठल्याही क्षणी वाजणार होती. उत्तर मला माहीत होतं; सगळ्या वर्गालाच माहीत होतं. हायड्रा सर हायड्रा आणणार, यात ओळखायचं काय? हायड्रा लिहावं, पुढे सरकावं, गुण घ्यावेत. खरं लिहावं तर प्रश्न येणार की हे कुणाचं आणि आत कसं आलं. मग मी, मग ठकी, मग मॅडम, ओळीने. पण ताटलीत हायड्रा नव्हती. आणि बाहेर कुठेतरी मोरीत किंवा फडक्यात ती सरांची एवढी एकच उरलेली म्हातारी सुकत पडली असेल, तर मी नेच्याच्या पानाचे गुण मोजत कशी बसू?

मी लिहिलं: "हायड्रा. संघ निडारिया. मुकुलायन." मग पेन उचललं आणि पुन्हा टेकवलं. "सध्या ताटलीत दिसत नाही."

घंटा वाजली. आठला काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

परीक्षा संपली की तोंडी, आणि तोंडी सुरू करण्याआधी सर नमुन्यांचे कागद तिथल्या तिथे तपासत. आम्ही भिंतीकडेला बसलो. सर एकेक कागद ओढून बघत होते. सातव्या उत्तरापाशी त्यांचं पेन थांबायला लागलं.

"समुद्रफूल. बाल्यावस्था," त्यांनी मोठ्याने वाचलं.

भिंतीकडेला एकीने मान खाली घातली.

"स्पंज. रंध्रे बुजलेली आहेत." पुढचा कागद. "हायड्रा. भिंगातून स्पष्ट हालचाल दिसली." कुजबुजने माझ्या दंडाला नख लावलं. "हायड्रा, महाकाय जात. शुंडके आठ, पैकी दोन तुटलेली असून पुनर्जनन चालू आहे." हा तोंडपाठचा होता; पहिल्या बाकावरचा, पुस्तक पानासकट पाठ असलेला मुलगा. तो किंचित सरसावून बसला.

"महाकाय?" सर म्हणाले.

"भिंगाची गरज पडली नाही, सर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सरांनी आणखी एक कागद उचलला, वाचला, परत वाचला, आणि मान न उचलता विचारलं, "ताटलीत दिसत नाही, हे कुणी लिहिलं?"

मी उभी राहिले. मॅडमनी डोळे मिटले.

सर ओट्याशी गेले. सातव्या ताटलीवर वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग दोन बोटं पाण्यात घालून त्यांनी ते चावणं उचललं. त्याच्या सहा हातांतून पाणी ठिबकत होतं.

"पहिला धडा कुठला होता?" ते अगदी हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सजीव आणि निर्जीव. श्वसन, पोषण, वाढ, प्रजनन, उद्दीपनाला प्रतिसाद. वर्षभर तुम्ही तो धडा शिकलात. आणि एवढ्या मुलांनी या रबराचं प्रजनन लिहिलंय. एकाने हालचाल पाहिलीय. आता हे इथे कुणी ठेवलं आणि माझी म्हातारी कुठे आहे, ते कळेपर्यंत तोंडी होणार नाही. कुणाचीच. आणि नाही कळलं तर ही परीक्षा झाली असं मी लिहिणार नाही."

पुन्हा अमीबा, असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडलं. पण त्याआधीच सामानाच्या खोलीतून एक किंकाळी आली. उद्दीपनाला प्रतिसाद, पाठोपाठ आणखी एक प्रतिसाद, आणि मग छोटं दार उघडून ठकीला काखोटीला मारलेल्या सासूबाई आत आल्या. त्यांनी वर्गाकडे पाहिलं नाही. त्यांना फक्त सरांच्या हातातली वस्तू दिसली.

"अहो, द्या ते इकडे. हात धुतलेत का? उकळलंय मी ते."

सरांच्या हातून ते निघून ठकीच्या तोंडात गेलं. किंकाळी मधोमध तुटली. सर रिकाम्या बोटांकडे बघत राहिले.

"तुम्ही कोण?"

"हिची सासू," त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. "आणि ही हिची मुलगी. मॅडमचा काही दोष नाही हं यात. त्यांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं."

झालं. मी, ठकी, मॅडम, एका दमात तिघी.

"आणि तरी तुम्ही लावलात. ही चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली की. जिवंत नमुना, धक्का लावू नये. मी नीट बघितलं. जिवंत काही दिसलं नाही. घाण पाणी होतं."

"त्यात हायड्रा होती, बाई."

"हायड्रा?" सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती कमरेशी पोर फुटणारी? जिला सासू नसते ती?"

मी होकारार्थी मान हलवली. भिंतीकडेला कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"आई," मी म्हणाले, "ते पाणी कुठे टाकलंत?"

"टाकीन कशाला? पाणी काय टाकायची गोष्ट आहे? आत खिडकीत बाटलीत वेल लावलाय, तो कोरडा पडत आला होता. त्याला घातलं."

सर धावले. त्या वयाचा माणूस स्टुलांमधून असा धावू शकतो हे माहीत नव्हतं. मागून मॅडम, मी, सासूबाई, आणि दारात खेटून बाकीचे सगळे. खिडकीच्या कट्ट्यावर एक मोठी काचेची बाटली होती. आत वेलाची पांढरी मुळं, थोडा गाळ, हिरवट झालेली काच. सरांनी भिंग लावलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं.

"दिसत नाही. हात पसरलेली दिसायला हवी होती. गेली ती."

"सर, पसरलेली नसेल," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं.

"धक्का बसला की हायड्रा आकसते. हात आत ओढून नुसता गोळा होते. ती एका बरणीतून ताटलीत आली, ताटलीतून इथे ओतली गेली. टिंबाएवढी झाली असेल."

"आणि टिंब कुठे शोधू?"

"उजेडाकडे. उजेडाच्या बाजूला सरकते ती. बुडाला चिकट चकती असते, तिने काचेला धरून बसली असेल, खिडकीकडच्या बाजूने." मग मला सुचेना ते पुस्तकातलं आहे की घरातलं, पण मी बोलून टाकलं. "आणि थोडं थांबावं लागेल, सर. बाटली न हलवता. घाबरलेलं पोर आपण वाकून बघत राहिलो की उघडत नाही."

सरांनी भिंग माझ्या हातात दिलं.

आम्ही थांबलो. खोलीत फक्त ठकीचं चावणं कुरकुरत होतं. मी भिंग धरून काचेचा एकेक भाग बघत होते. बुडबुडा, शेवाळ, माझाच डोळा. सर माझ्या खांद्यामागून हळू आवाजात विचारायला लागले. शरीराला थर किती? दोन. सममिती कुठली? अरीय. भक्ष्य कसं पकडते? शुंडकांवरच्या दंशपेशींनी. अर्धी कापली तर? दोन होतील. मला बराच वेळ कळलंच नाही की माझी तोंडी परीक्षा चालली आहे. कळलं असतं तर दोन थर आठवले नसते.

मग मुळांमागे, काचेवर, एक टिंब लांबलं. आधी रेघ झालं. मग रेघेच्या टोकाला केसांहून बारीक हात फुटले आणि पाण्यात सैल झाले.

"सर," मी म्हणाले.

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या नाकाचा श्वास काचेवर उमटला, तो त्यांनी बाहीने पुसला.

"तिच्या कमरेशी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कलिका. तिलाही हात आलेत."

"काल नव्हते."

"गरोदर होती होय," सासूबाई मागून म्हणाल्या, आणि पुढे झाल्या. "बघू दे मला. अगं बाई. मी हिला बाटलीत ओतलं?"

त्यांनी भिंगातून इतका वेळ पाहिलं की सरांना चुळबुळ सुरू झाली. शेवटी मॅडमनी पिपेट आणून दिली. सरांनी श्वास रोखून म्हातारीच्या बुडाशी टोक नेलं, अलगद ओढली आणि बरणीत सोडली. त्या ओढण्यात पोर सुटलं. ते काचेवरच राहिलं, आपल्या इवल्या चकतीने घट्ट धरून. सरांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. ते आकसून टिंब झालं.

"राहू दे," सर म्हणाले. "सुटायच्या बेतातच होतं ते. इथे वाढेल."

"एकटं?" सासूबाईंनी विचारलं. "आईवाचून?"

"हायड्राचं तसंच असतं. सुटलं की स्वतंत्र."

"ती म्हातारी काही बोलत नाही म्हणून तुम्ही म्हणताय."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रिपोर्टच. पण ते बरणीचं झाकण लावायला लागले आणि लावता लावता मला म्हणाले, "नमुना सात. पाहून लिहिलेलं उत्तर वर्गात एकच आहे. पूर्ण गुण."

"आणि तोंडी, सर?" मॅडमनी विचारलं. त्या मघापासून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"झाली की."

"पास?"

"निडारियातला 'नि' तिने ऱ्हस्व काढलाय की दीर्घ ते मला वाचता येत नाही. अक्षर भयंकर आहे. पण पास." मग ते मॅडमकडे वळले. "आणि या खोलीत मी वेलाची बाटली तेवढी पाहिली. दुसरं कुणी होतं का? मला नाही आठवत."

तेवढ्यात तोंडपाठ दारातून म्हणाला, "सर, मग माझ्या पुनर्जननाचे अर्धे गुण?"

"तुझं रबर आहे त्या बाळाच्या तोंडात. त्याला हात परत फुटले तर ये."

सरांनी ठकीकडे पाहिलं. तिने चावणं टाकून दिलं होतं आणि खिडकीच्या कट्ट्यावरचं भिंग ओढून तोंडात घातलं होतं. त्यांनी ते घ्यायला हात पुढे केला आणि थबकले. भिंगाच्या धातूच्या कडेवर टक् असा बारीक आवाज आला. ठकी दचकली. मग मुद्दाम पुन्हा चावली. टक्.

"दात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ओलं बोट पुसलं, ठकीच्या तोंडात घालून चाचपलं आणि खात्री झाल्यावर माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "खालचा. उभी काय राहिलीस? तू पास झालीस, तिला दात आला, आता ते भिंग धुऊन सरांना परत दे."

मी भिंग धुवायला नळाशी गेले. परत आले तेव्हा सासूबाईंनी ती चिठ्ठी ओट्यावरून आणून बाटलीला टेकवून ठेवली होती, अक्षरं बाहेरच्या बाजूने: जिवंत नमुना आहे, धक्का लावू नये. ठकीला काखेत धरून त्या वाकून त्या टिंबाशी काहीतरी बोलत होत्या.

"काय सांगताय तिला, आई?"

"काही नाही. पुढच्या आठवड्यात तू फी भरायला येशील ना, तेव्हा मीपण येईन म्हटलं. कोण बघणार आहे हिच्याकडे?"